डी अँझातून बायोइंजिनीअरिंग: जमतं, पण केमिस्ट्री पहिल्याच क्वार्टरला सुरू झाली पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सनीव्हेलमधलं मराठी कुटुंब, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. तिला बायोइंजिनीअरिंग करायचंय. युसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; तिच्या बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या तीन कँपसांनी नकार कळवला. एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळालाय, पण राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलर. अशा वेळी डी अँझा कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून मग युसीत ट्रान्सफर घेणं शहाणपणाचं आहे का? वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मुलगी त्याच्याच जोरावर मिळणाऱ्या कुटुंबीयांच्या एच-४वर. आणि जाता जाता: पुण्यातला भाचा बारावीनंतर याच वाटेने थेट अमेरिकेत येईन म्हणतोय, त्याला काय सांगायचं?

मी बरीच वर्षं वैद्यकीय उपकरणांच्या डिझाइनमध्ये काम करते आहे आणि बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी इंजिनीअरिंगचा एक वर्ग घेते. त्यामुळे ही मुलं मला दोनदा भेटतात, अठराव्या वर्षी वर्गात आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत. माझं उत्तर: मुलीसाठी हो, भाच्यासाठी बहुतेक नाही. मुलीच्या बाबतीतलं ‘हो’ मात्र एका अटीवर आहे आणि ती अट पैशांची नाही, वेळापत्रकाची आहे.

आधी मनातली अढी काढून टाकू या. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारणारच, “मग, कुठे गेली मुलगी?” आणि ‘डी अँझा’ म्हटल्यावर समोरचा क्षणभर गप्प होणार. होऊ द्या. कॅलिफोर्नियात ही कॉलेजं मागच्या दारासारखी उभारलेली नाहीत. क्लार्क कर युसीचे अध्यक्ष असताना १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. त्यात युसीला हायस्कूलमधली वरची साडेबारा टक्के मुलं, कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, राज्याची दुसरी विद्यापीठ-साखळी) वरची एक तृतीयांश आणि कम्युनिटी कॉलेजला शिकू इच्छिणारा कुणीही, अशी वाटणी झाली. आणि खालून वर जायची वाट त्याच आराखड्यात आखून दिली गेली. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. मानवी जीनोम, म्हणजे माणसाची सगळी जनुकीय माहिती, वाचायच्या शर्यतीतला क्रेग व्हेंटर व्हिएतनामहून परतल्यावर आधी कॉलेज ऑफ सॅन मटेओला गेला, तिथून युसी सॅन डिएगोला. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं असतात, साधारण तसंच हे. फरक एवढाच की इथे कॅपसारखी एक सामायिक फेरी नसते. प्रत्येक कँपस, प्रत्येक शाखा आपली वेगळी यादी लावते, आणि गोंधळ नेमका तिथे होतो.

खर्चाचं गणित सोपं आहे, म्हणून पटकन सांगते. राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटला, म्हणजे कोर्सच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. डी अँझा आणि त्याचंच भावंड असलेलं फूटहिल क्वार्टर पद्धतीवर चालतात (उन्हाळा सोडून वर्षाला तीन सत्रं), तिथे ३१ डॉलर. वर्षाला ४५ युनिट घेतले तर १,३९५ डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. मुलगी घरून जाणार. युसीत रहिवाशांची नुसती ट्यूशनच वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या आसपास आहे. पैशांबद्दल याहून जास्त बोलायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. कम्युनिटी कॉलेजात बहुधा ‘बायोइंजिनीअरिंग’ नावाचा विभागच नसतो. तिथे दोन वर्षांत करायची असते ती पायाभरणी, म्हणजे युसीच्या भाषेत ‘मेजर प्रेप’. आणि इंजिनीअरिंगच्या शाखांत बायोइंजिनीअरिंगचं मेजर प्रेप फार लांब असतं, कारण इंजिनीअरचं गणित-फिजिक्सही लागतं आणि डॉक्टरकीच्या वाटेवरची केमिस्ट्री-बायॉलॉजीही. डी अँझाच्या हिशेबात मांडून पाहा. कॅल्क्युलसचे चार क्वार्टर, मॅथ १ए ते १डी. त्यावर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा, २ए आणि २बी. कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्सचे चार क्वार्टर, ४ए ते ४डी. जनरल केमिस्ट्रीचे तीन, १ए ते १सी. ते झाल्यावरच ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे तीन, १२ए ते १२सी. बायॉलॉजीचे तीन, ६ए ते ६सी. हे झाले एकोणीस कोर्स, युनिटमध्ये शंभराच्या आसपास. इंग्रजीचे दोन आणि प्रोग्रॅमिंगचा एक अजून धरलेलाच नाही.

आता कॅलेंडर समोर ठेवा. उन्हाळा सोडला तर दोन वर्षांत क्वार्टर सहा. केमिस्ट्रीही सहा पायऱ्यांची, आणि तिची एकही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही. म्हणजे पहिल्या सप्टेंबरात केमिस्ट्री १एला बसली तरच दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये १२सी संपतं. ‘आधी जरा रुळू दे, केमिस्ट्री जानेवारीत घेऊ’ म्हटलं की शेवटचा कोर्स बाहेर पडतो आणि त्यापायी तिसरं वर्ष मानगुटीवर बसतं. माझ्या वर्गात तिसऱ्या वर्षाला असलेली बायोइंजिनीअरिंगची मुलं बहुतेक हुशारच असतात, फक्त त्यांची केमिस्ट्री एक-दोन क्वार्टर उशिरा सुरू झालेली असते. आणखी एक मेख: केमिस्ट्री १एला थेट बसायचं तर तयारीचा कोर्स झालेला असावा लागतो किंवा प्लेसमेंट परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा हायस्कूल संपल्यावरच्या उन्हाळ्यातच उरकून टाका. गणितात ही अडचण आता कमी झाली आहे. २०२२च्या कायद्यानंतर सायन्स-इंजिनीअरिंगच्या मुलांना थेट कॅल्क्युलसला बसवायचा कल आहे. हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या, कॉलेजच्या तोडीच्या एपी कॅल्क्युलस बीसी परीक्षेत चांगले गुण मिळाले असतील तर तिला १सीपासून सुरुवात करता येईल आणि दोन क्वार्टर मोकळे होतील. ते उनाडायला नाहीत, बायॉलॉजी लवकर घ्यायला आहेत.

सगळ्या कँपसांना हे सगळं लागत नाही. उपकरणं, इम्प्लांट, बायोमेकॅनिक्सकडे झुकलेल्या अभ्यासक्रमांना ऑरगॅनिक कमी लागतं किंवा लागतच नाही. बायोटेक्नॉलॉजीकडे झुकलेल्यांना ते लागतंच. युसी सॅन डिएगोच्या एकाच बायोइंजिनीअरिंग विभागात चार वेगवेगळे मेजर आहेत आणि प्रत्येकाची यादी वेगळी. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कँपसवर कशाच्या बदली धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर शाखेनुसार दिलेलं असतं. मुलीने चार-पाच कँपसांच्या याद्या छापून शेजारी-शेजारी ठेवाव्यात आणि जे सगळीकडे लागतं ते आधी घ्यावं. काउन्सेलरकडे जायचं ते या याद्या हातात घेऊन. ज्यांना शेकडो मुलांना दर क्वार्टरला वाटेला लावायचं असतं ते काउन्सेलर सवयीने सर्वसाधारण शिक्षणाचा साचा पुढे करतात: इतिहास, मानसशास्त्र, कलारसास्वाद. हा साचा इतिहास-अर्थशास्त्राच्या मुलांसाठी उत्तम आहे. इंजिनीअरिंगची मुलगी त्याच्या मागे लागली तर वर्षभरात तिच्याकडे तीस-चाळीस युनिट असतील आणि कॅल्क्युलस मात्र अर्धवट. कम्युनिटी कॉलेजातून कॅल स्टेटला जाण्यासाठी जी खास असोसिएट डिग्री २०१०च्या कायद्याने आली, तीही या वाटेवर कामाची नाही.

युनिट फार होतील अशी भीती काही पालकांना वाटते. युसी कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त १०५ क्वार्टर युनिट मोजते. त्यावरचे कोर्स झाले म्हणून कुणी बाद होत नाही, विषय झाला एवढं धरलं जातं. ती चिंता करू नका.

दुसरी चिंता मात्र जरूर करा. फिजिक्सची किंवा केमिस्ट्रीची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची. डी अँझात फिजिक्स चार क्वार्टरांत विभागलेलं आहे. शेजारच्या सेमिस्टरवाल्या काही कॉलेजांत ते तीन भागांत. दोन भाग इथे आणि एक तिथे केले की मधला एखादा धडा निसटतो, आणि मग कँपस म्हणतो की मालिका पूर्ण झाली नाही. उन्हाळ्यात जागा मिळत नाही म्हणून शेजारच्या कॉलेजात एखादा कोर्स करायचा असेल तर तो इंग्रजीचा करावा. जागांबद्दलही आधीच सांगते: ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये बाकं मोजकी असतात आणि नावनोंदणीची तारीख ज्याची लवकर त्याला ती मिळतात. जास्त युनिट झालेल्यांचा नंबर आधी लागतो. म्हणून पहिल्या वर्षी एखाद्या वर्गाच्या वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं गळतात.

गुणांचं म्हणाल तर दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर युसीचा अर्ज जातो. त्या वेळी तिच्या हातात पहिल्या वर्षाच्या तीन क्वार्टरांचे, फार तर एका उन्हाळ्याचे गुण असतात. शरदातले गुण जानेवारीत कळवायचे असतात. म्हणजे अर्ज वाचणाऱ्याच्या समोर जे असतं ते बहुतांशी कॉलेजच्या पहिल्या नऊ महिन्यांतलं काम. चार वर्षांच्या विद्यापीठात पहिलं क्वार्टर डळमळलं तरी पुढे सावरायला वेळ असतो, इथे नसतो. शिवाय ‘सी’ मिळाला तर तो कोर्स पुन्हा करून सुधारता येत नाही; युसी पुनरावृत्ती धरते ती ‘डी’ किंवा ‘एफ’ असेल तरच. म्हणून मी पहिल्या क्वार्टरला कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि इंग्रजी एवढंच घ्यायला सांगते. फिजिक्स दुसऱ्या क्वार्टरपासून. तोवर कॅल्क्युलसचा पहिला भाग झालेला असतो आणि तो तिथे लागतोच.

आता ‘टॅग’ म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. तिच्याबद्दल अफवा फार. सहा कँपस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबरात, आणि एकाच कँपसला करता येतो. प्रत्येक शाखेची किमान गुणांची आणि झालेल्या कोर्सची अट वेगळी असते आणि इंजिनीअरिंगच्या काही शाखा अनेकदा या योजनेतून वगळलेल्या असतात, त्यामुळे त्या वर्षीचा तक्ता पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नये. पण अट पुरी होत असेल तर टॅग करावीच. बाकी कँपसांना नेहमीचे अर्ज करता येतातच, टॅगमुळे काही अडत नाही. कॅल स्टेटचे अर्जही त्याच सुमारास असतात. सॅन होजे स्टेटला बायोमेडिकल इंजिनीअरिंग आहे आणि तिथली मुलं आमच्या क्षेत्रात पुष्कळ दिसतात. त्या नावाला नाक मुरडू नका.

सांता क्रूझबद्दल एक आवडीची गोष्ट सांगते. ७ जुलै २००० रोजी मानवी जीनोमचा पहिला जुळवलेला मसुदा जगासाठी खुला झाला तो याच कँपसवरून. जिम केंट नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने काही आठवड्यांत तो जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. शर्यतीच्या दुसऱ्या बाजूला खासगी कंपनी घेऊन उभा होता तो वर सांगितलेला व्हेंटर. तुमच्या मुलीला कॉम्प्युटर आणि बायॉलॉजी दोन्ही आवडत असतील तर तिथलं बायोमॉलिक्युलर इंजिनीअरिंग जरूर पाहावं.

इथवर सगळं वेळापत्रकाचं झालं. आता तिला एक प्रश्न विचारा. हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारते आणि कुणालाच आवडत नाही: तुला बायोइंजिनीअर व्हायचंय, की बायोइंजिनीअरिंगमधलं काम करायचंय? अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मोजणीत बायोइंजिनीअर आणि बायोमेडिकल इंजिनीअर मिळून सुमारे वीस हजार नोकऱ्या आहेत. मेकॅनिकल इंजिनीअरांच्या पावणेतीन लाखांहून जास्त. आमच्या उपकरणांच्या कंपन्यांत कॅथेटर, व्हॉल्व्ह, शस्त्रक्रियेचे रोबो बनवणाऱ्यांत मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि मटेरिअल्सवाले भरपूर आहेत. बायोइंजिनीअरिंगची नुसती बॅचलर डिग्री घेतलेल्याची अडचण अशी होते की मेकॅनिकलच्या जागेसाठी त्याला मशीन डिझाइन कमी येतं आणि बायॉलॉजीच्या जागेसाठी प्रयोगशाळेतला हात कमी पडतो. मग तो क्वालिटीमध्ये (दर्जाची तपासणी) किंवा रेग्युलेटरीत (सरकारी मंजुरीचं काम) जातो. कामं चांगली आहेत, पगारही चांगला. पण ‘कृत्रिम अवयव बनवीन’ म्हणून आलेल्या मुलीला पहिली दोन वर्षं तपासणीची कागदपत्रं भरताना जड जातं.

या शाखेचा इतिहासही हेच सांगतो. युसी सॅन डिएगोला बायोइंजिनीअरिंग सुरू झालं १९६६ साली. त्यातले य्वान-चेंग फुंग मूळचे विमानांच्या रचनेचे अभ्यासक, कॅलटेकमध्ये एरोनॉटिक्स शिकवणारे. विमानाच्या पंखांवरचा ताण समजून घेता घेता ते रक्तवाहिन्या, फुप्फुसं आणि कातडीवरच्या ताणाकडे वळले आणि त्यातून आधुनिक बायोमेकॅनिक्स उभं राहिलं. इंजिनीअरिंगचं अंग आधी पक्कं होतं, बायॉलॉजी नंतर आली.

म्हणून माझा सल्ला असा की पहिलं वर्षभर दोन्ही वाटा उघड्या ठेवाव्यात. कॅल्क्युलस, फिजिक्स आणि जनरल केमिस्ट्रीची सुरुवात मेकॅनिकललाही लागतेच. खरा फाटा फुटतो दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी: एकीकडे ऑरगॅनिक आणि बायॉलॉजी, दुसरीकडे स्टॅटिक्स, सर्किट्स आणि मटेरिअल्स. तेव्हा तिने आपल्या मनाला विचारावं की प्रयोगशाळेत पिपेट हातात घेऊन वेळ कसा गेला कळत नव्हतं, की घरी थ्रीडी प्रिंटरवर काहीतरी जुळवताना. काही कँपसांना बायोइंजिनीअरिंग आणि काहींना मेकॅनिकल असे अर्ज करायलाही हरकत नाही, यादी पुरी होत असेल तर.

ज्या पालकांच्या मनात ‘बायोइंजिनीअरिंग म्हणजे मेडिकलची पायरी’ असं आहे त्यांनी जरा थांबावं. मेडिकलला लागतात ते उत्तम गुण, आणि ही डिग्री गुण राखायला मुळीच सोयीची नाही. डॉक्टरच व्हायचं असेल तर बायॉलॉजी किंवा तिला मनापासून आवडेल ते करावं.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक कुटुंबांना माहीतच नसते. याच राज्यातल्या काही कम्युनिटी कॉलेजांत बायोटेक्नॉलॉजीच्या अशा प्रयोगशाळा आहेत की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या युसीच्या मुलांना त्या स्वप्नातही मिळत नाहीत. बर्कली सिटी कॉलेज, सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को, ओकलंडचं लेनी, व्हॅकाव्हिलचं सोलानो, दक्षिणेत ओशनसाइडचं मिराकोस्टा. सोलानो आणि मिराकोस्टा तर २०१४च्या कायद्यानंतर बायोमॅन्युफॅक्चरिंगची चार वर्षांची बॅचलर डिग्रीही देतात, एकूण ट्यूशन दहा-अकरा हजार डॉलरच्या घरात. इथे पेशी वाढवायला शिकवतात, बायोरिअ‍ॅक्टर चालवायला शिकवतात, निर्जंतुक खोलीत जाताना अंगावर काय, कुठल्या क्रमाने चढवायचं हे शिकवतात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बॅच रेकॉर्ड, म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक खेपेची नोंद, भरायला शिकवतात: चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख. १९७६ साली साउथ सॅन फ्रान्सिस्कोत जेनेनटेक उभी राहिली आणि १९८२मध्ये जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात यायला परवानगी मिळाली. तेव्हापासून या भागात असं काम जाणणाऱ्या हातांना मागणी आहे. तुमच्या मुलीने ती डिग्री घ्यावी असं मी म्हणत नाही. पण एखाद्या उन्हाळ्यात यातला एक कोर्स केला तर मुलाखतीत तिच्या बायोडेटावरची ती एक ओळ मी आधी वाचेन. मालिका एकाच कॉलेजात करायची हा वरचा नियम इथे लागू होत नाही, कारण हा कोर्स मेजर प्रेपमध्ये धरायचाच नसतो.

आता एच-४. खरं तर इथे तुम्ही जास्त विचार करायला हवा होता आणि प्रश्नात त्याला एकच ओळ दिली आहे. एच-४ची मुलं कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरू शकतात, वर्षाहून जास्त वास्तव्य आणि बाकीचे पुरावे असले की रहिवाशांची फी लागते. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र मिळत नाही. अडचण येते ती एकविसाव्या वाढदिवसाला. तोवर तुमचं ग्रीन कार्ड आलं नाही तर ती एच-४वर राहू शकत नाही, बहुतेकांना एफ-१ हा विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागतो. आणि एफ-१वर राज्याची रेसिडेन्सी मिळवता येत नाही. म्हणजे ती युसीत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असताना, ऐन तेव्हा, बाहेरच्यांची फी अंगावर येऊ शकते. ती जादा रक्कम वर्षाला तीस हजार डॉलरांहून जास्त आहे. डी अँझात वाचवलेले पैसे त्यातच जातील. म्हणून तिची जन्मतारीख आणि तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) या दोन तारखा कागदावर लिहून इमिग्रेशनच्या वकिलाला आत्ताच भेटा, तिसऱ्या वर्षात नव्हे. या एका हिशेबामुळे कम्युनिटी कॉलेजात तिसरं वर्ष काढणं इतरांना परवडतं तसं तुम्हाला परवडत नाही. वरच्या केमिस्ट्रीच्या शिडीवर मी एवढा भर दिला तो म्हणूनच.

एच-४वर पगाराची इंटर्नशिपही करता येत नाही, आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांवर चालणारे उन्हाळी संशोधनाचे कार्यक्रम नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात. मग काय उरतं? प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत श्रेयांकासाठी काम, कॉलेजच्या मेकरस्पेसमध्ये स्वतःचं काहीतरी बनवणं, विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धा. ट्रान्सफर झालेल्या मुलीला युसीत दोनच वर्षं मिळतात. पहिल्या क्वार्टरला बहुतेकांचे गुण घसरतात, ते सावरेपर्यंत दुसरं वर्ष येतं आणि प्रयोगशाळेत जागा शोधायला उशीर होतो. त्यापेक्षा प्रवेशाचं पत्र आल्या-आल्या, त्या उन्हाळ्यातच, तीन-चार प्राध्यापकांना मेल लिहावेत. लांबलचक नको: त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून एक खरा प्रश्न आणि ‘आठवड्याला आठ तास देऊ शकते’ एवढंच. उत्तर न आल्यास पंधरवड्याने पुन्हा.

राहिला भाचा. त्याला एफ-१वर कम्युनिटी कॉलेजात यायला कायद्याची अडचण नाही. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा प्रवेशाचा कागद कॉलेज देतं. पण राज्याबाहेरच्यांची फी रहिवाशांच्या कित्येक पट. बहुतेक कॉलेजांना हॉस्टेल नाही आणि क्युपर्टिनोत भाड्याची खोली म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. दर क्वार्टरला किमान १२ युनिट घ्यावे लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी व्हिसाच्या खिडकीवर ‘तिकडे एवढी कॉलेजं असताना दोन वर्षांच्या कॉलेजात कशाला?’ या प्रश्नाला अठरा वर्षांच्या मुलाला पटेल असं उत्तर द्यावं लागतं. ते जमलं, दोन वर्षांनी ट्रान्सफरही झाली, तरी पुढे युसीत परदेशी म्हणून पूर्ण फी. पुण्यातले काही एजंट ‘गॅरंटीड युसी’ म्हणून हीच टॅग विकतात. गॅरंटी आहे, पण सहापैकी एका कँपसची, त्या शाखेची अट पुरी केली तर, आणि पैशांची तर मुळीच नाही.

कुणाकडे भरपूर पैसे मोकळे असतील आणि मुलगा स्वतंत्र बाण्याचा असेल तर त्याने यावं. माझी हरकत नाही. एरवी त्याने पुण्यातच मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची बीई करावी. मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बायोमेडिकलही आहे. आयआयटी मुंबईत २०१४पासून वैद्यकीय उपकरणांचं ‘बेटिक’ हे केंद्र चालतं, त्याच्या शाखा पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरची अडचण ऐकून उपकरण बनवायचं, हे काम तिथे पोरं खरोखर करतात. त्यातलं थोडं काम हातावेगळं करून तो एमएसला इकडे आला, तर नोकरीसाठी ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे) बारा महिने आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनीअरिंग-गणिताच्या, शाखेचे वरचे चोवीस त्याला मिळतील. कम्युनिटी कॉलेजच्या असोसिएट डिग्रीवर ते वरचे चोवीस मिळत नाहीत. मी मुलाखतीला बसते तेव्हा मला उमेदवाराने पहिली दोन वर्षं कुठे काढली हे सहसा दिसतही नाही. त्याने काय बनवलं आणि ते कुठे मोडलं, हे मी विचारते.